पिला हाऊस नेमके कुठे होते? एका चुकीच्या ओळीचा माग

पत्रक आमचे होते आणि चूक माझी होती. नाटकाच्या अभ्यासवर्गातल्या मुलांना ग्रँट रोडचा पूर्वेकडचा भाग पायी हिंडून दाखवायचा, म्हणून चार पानांचे माहितीपत्रक छापले होते. त्यात अल्फ्रेड टॉकीजच्या फोटोखाली मी बिनधास्त लिहून टाकले होते, ‘याच वास्तूत १८५३ साली विष्णुदास भावे यांनी मुंबईकरांना मराठी नाटक दाखवले.’ फेरी अर्ध्यावर आली असताना मी मुलांना सांगत होतो की अल्फ्रेडचे मूळ नाव रिपन थिएटर, असे जुन्या चित्रपटगृहांवर लिहिणारे सांगतात. तेवढ्यात मागून एका मुलीने विचारले, "सर, रिपन म्हणजे व्हाइसरॉय रिपन ना? ते भारतात आले कधी?"

लॉर्ड रिपन व्हाइसरॉय झाले १८८० साली. त्यांच्या नावाच्या थिएटरात भावे १८५३ साली खेळ करणार कसे? जुन्या इमारतीला नवे नाव दिले असेल, असे काहीतरी मी त्या वेळी पुटपुटलो. असे होऊ शकतेही. पण तसे झाल्याचा एकही पुरावा माझ्या हातात नव्हता. चार पुस्तकांतली चार वाक्ये मी एका इमारतीला चिकटवली होती, कारण तिथे उभी असलेली आणि जुनी दिसणारी तीच एक इमारत मला ठाऊक होती.

घरी येऊन मी पत्रक पुन्हा वाचले आणि ‘पिला हाऊस’ या दोन शब्दांपासून सगळे नव्याने तपासायला घेतले.

पिवळे घर

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडा पत्ता. ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून भेंडी बाजाराच्या दिशेने चालत निघाले की ज्या नाक्याच्या आसपास अल्फ्रेड, गुलशन, रॉयल, न्यू रोशन अशी टॉकीजांची नावे एकमेकांना खेटून येतात, त्या सगळ्या पट्ट्याला पिला हाऊस म्हणतात. टॅक्सीवाल्याला ‘मौलाना शौकतअली रोड’ हे या रस्त्याचे आजचे नाव सांगून पाहा, तो मान वळवून तुमच्याकडे बघेल. ‘पिला हाऊस’ म्हटले की मीटर पडते.

त्याच नाक्यावर कुलपे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांना मी विचारले, "चाचा, ये पिला हाऊस मतलब कौनसा घर?"

"अरे, पहले एक बड़ा मकान था, पूरा पीला. इसलिए पीला हाऊस."

"आपने देखा था?"

"मेरे अब्बा ने देखा होगा."

शब्द डोळ्यांसमोर असतो, मग त्याला शोभेल असे घर माणूस मनात बांधतो आणि त्याला रंगही देतो. पिला हाऊस म्हणजे ‘प्ले हाऊस’, नाटकशाळा. बोलता बोलता ‘प्ले’चे ‘पिला’ झाले. एरवी मी अशा व्युत्पत्तींना बिचकून असतो. भेंडी बाजार म्हणजे ‘बिहाइंड द बझार’ ही गोष्ट मुंबईत प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेली असते. मला मात्र तिथल्या भेंडीच्या झाडांचे कारण जास्त पटते. पिला हाऊसचे तसे नाही. इथे नाटकशाळा होती, एक नव्हे तर ओळीने होत्या, आणि हा भाग इंग्रजी कागदांतही ‘प्ले हाऊस’ म्हणूनच येतो.

माझा घोटाळा या ‘ओळीने’पाशीच झाला होता. प्ले हाऊस हे एकवचन मी खरे मानले होते.

शंकरशेट यांची जागा

मुंबईतले इंग्रजांचे पहिले नामांकित थिएटर ग्रँट रोडवर नव्हतेच. ते कोटात, म्हणजे फोर्टमध्ये होते, बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या मैदानाशी. १७७६ साली ते उभे राहिले. साहेब लोकच नट आणि साहेब लोकच प्रेक्षक, असा तो मामला होता, आणि शेवटी कर्जात रुतला. १८३५ साली इमारत विकावी लागली. घेणारे होते जमशेटजी जिजीभाई. पुढे काही वर्षांनी शहरातल्या लोकांनी सरकारकडे अर्ज केला, की थिएटर विकून देणी भागल्यावर जे पैसे उरले त्यातून नवे थिएटर बांधा. जागेचा प्रश्न नाना शंकरशेट यांनी सोडवला. ग्रँट रोडवरची आपली जमीन त्यांनी दिली आणि १८४६ साली तिथे पडदा उघडला.

हा रस्ताच तेव्हा कोवळा होता. सर रॉबर्ट ग्रँट १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पुण्याजवळ दापोडीला त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांच्या नावाचा हा रस्ता खुला झाला. त्या काळी हे गावाचे टोक. कोटातून इथवर चारएक किलोमीटर, तेही काळबादेवी-भुलेश्वरच्या बाजूच्या दाट ‘नेटिव्ह’ वस्तीला वळसा घालून किंवा तिच्या पोटातून. रात्री बग्गी जोडून इतक्या लांब नाटकाला कोण जाणार, ही कुरकुर पहिल्यापासून होती. इंग्रज प्रेक्षक आटत गेला. थिएटर रिकामे राहू लागले, भाड्याने मिळू लागले आणि ज्यांच्या वस्तीलगत ते उभे होते त्यांच्यासाठी दार उघडले. या शहराच्या रंगभूमीचा निम्मा इतिहास या गैरसोयीतून निघाला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

१८५३

सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८५१ मध्ये वारले आणि विष्णुदास भाव्यांचा राजाश्रय गेला. ज्यांच्या सांगण्यावरून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले, तेच गेले. मंडळी जगवायची तर गावोगाव खेळ करणे भाग होते. १८५३ च्या सुरुवातीला सांगलीकर मंडळी मुंबईत उतरली. आधी गिरगावात वाड्यातल्या मांडवात खेळ झाले. मग मार्चमध्ये ग्रँट रोडच्या थिएटरात.

या दोन जागांत काय फरक होता, तो मुलांना समजावताना मला नेहमी मजा येते. भाव्यांचा खेळ असा: सूत्रधार मंगलाचरण गाणार, वनचराच्या वेषातला विदूषक अचकटविचकट बोलत येणार, मग गणपती, मग मोरावर बसलेली सरस्वती नाचत येणार. पुढे आख्यान. पदे सगळी सूत्रधार म्हणणार आणि पात्रे आपापले भाषण ऐन वेळी, जसे सुचेल तसे करणार. राक्षस आला की तलवार फिरवत ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकणार आणि पहिल्या ओळीतली पोरे आयांच्या पदरात शिरणार. पुढच्या पिढीने या नाटकांना ‘तागडथोम’ म्हणून नाके मुरडली. वाड्याच्या चौकात हे सगळे तीन बाजूंनी बसलेल्या लोकांच्या मधोमध घडे. पडदा म्हणजे दोघांनी धरलेले लुगडे किंवा चादर.

ग्रँट रोडला मात्र चौकट होती. वर गुंडाळला जाणारा पडदा, रंगवलेले देखावे, बाजूच्या विंगा, खाली पीट आणि वर गॅलरी, आणि दाराशी तिकीट. मुंबईत गॅसचे दिवे आले १८६५ साली, म्हणजे हा सगळा थाट तेला-मेणबत्त्यांच्या उजेडातला. मोरावरची सरस्वती या चौकटीतून आली तेव्हा ती प्रथमच एका बाजूने, चित्रासारखी दिसली असेल.

त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. आपल्याकडे त्या तारखेचे कौतुक फार, आणि ते रास्तच आहे. पण तिच्या जेमतेम महिनाभर आधी त्याच शंकरशेटांच्या जमिनीवर मराठी माणसाने तिकीट काढून नाटक पाहिले, याचे कौतुक फक्त नाट्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत उरले आहे.

वर्ष तेवढ्यावर संपले नाही. ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीने याच रंगमंचावर गुजरातीतून रुस्तुम-सोहराबचे आख्यान केले. पारशी रंगभूमीचा आरंभ तिथून धरतात. नोव्हेंबरात भाव्यांच्या मंडळीने डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सूचनेवरून ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदीत केले. सांगलीची माणसे, मुंबईचे श्रोते, हिंदी भाषा. इंग्रजी नाटकांसाठी मागून घेतलेल्या थिएटरात एका वर्षात मराठी, गुजराती, हिंदी असे तिन्ही भाषांचे खेळ झाले.

नावावरून वय

त्या मुलीच्या प्रश्नाने मला एक साधी पद्धत सापडली. या भागातल्या जुन्या वास्तूंची आणि रस्त्यांची नावे बहुतेक राज्यकर्त्यांची आहेत आणि राज्यकर्त्यांच्या कारकिर्दीच्या तारखा पक्क्या असतात. ग्रँट १८३५–३८. शेजारच्या फॉकलंड रोडचे लॉर्ड फॉकलंड १८४८–५३. रिपन १८८०–८४. लॅमिंग्टन रोडचे लॉर्ड लॅमिंग्टन १९०३–०७. नावाची वास्तू किंवा रस्ता त्या साहेबाच्या आधीचा असू शकतो, पण नाव मात्र नाही. पाळण्यातले नाव आणि लग्नानंतरचे नाव यांत जसा फरक करतो, तसा इथेही करावा लागतो.

या चाळणीतून रस्ता पुन्हा पाहिला की थर दिसू लागतात. शंकरशेट यांची नाटकशाळा सगळ्यात खाली. तिच्यावर १८७० च्या सुमाराचा पारशी कंपन्यांचा थर: १८६८ साली निघालेली व्हिक्टोरिया नाटक मंडळी आणि तिचे ग्रँट रोडवरचे व्हिक्टोरिया थिएटर. मग रिपन, एल्फिन्स्टन. मग व्हिक्टोरिया कंपनीचे गाजलेले नट आणि मालक खुर्शेदजी बालीवाला यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेले ग्रँड थिएटर, ज्याला मराठी माणूस ‘बालीवाला’ म्हणूनच ओळखत असे. रस्ता इतका भरण्याचे एक कारण रेल्वेही होते. १८६४ साली सुरतेहून येणारा लोहमार्ग ग्रँट रोडपर्यंत पोचला आणि काही काळ हेच त्याचे मुंबईतले टोक होते. गावाबाहेरचे म्हणून हिणवलेले थिएटर आता स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आले होते.

म्हणजे प्ले हाऊस हे एका वास्तूचे नाव म्हणून सुरू झाले असले तरी ते लवकरच साऱ्या वस्तीचे नाव झाले. मूळ नाटकशाळा कधी दिसेनाशी झाली, याने बोलणाऱ्यांच्या तोंडी फरक पडला नाही, कारण शेजारी दुसरी उभी होती.

दोन मानापमान

माझ्या पत्रकात भाव्यांबद्दल चुकीची ओळ होती आणि या रस्त्यावरच्या खऱ्या दोन रात्रींबद्दल एक अक्षर नव्हते, याची मला जास्त लाज वाटली.

पहिली रात्र १२ मार्च १९११ ची. किर्लोस्कर नाटक मंडळीने रिपन थिएटरात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नवे ‘संगीत मानापमान’ लावले होते. संगीत गोविंदराव टेंबे यांचे. धैर्यधराच्या भूमिकेत नानासाहेब जोगळेकर, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी दगावली. खेळ रद्द करू या, असे मंडळी म्हणत असताना त्यांनी तोंडाला रंग लावला आणि ते भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट मराठी घरांत इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिचे स्तोत्र झाले आहे. ती सांगताना थिएटरचे नाव घेतात, रस्त्याचे घेत नाहीत. त्या रात्री शेवटचे पद संपल्यावर लोक बाहेर पडले ते ग्रँट रोडवर.

दुसरी रात्र दहा वर्षांनंतरची, ८ जुलै १९२१. आता बालगंधर्वांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी होती आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श. दोन कंपन्या म्हणजे दोन संस्थाने. त्यांच्या चाहत्यांत हमरीतुमरी चाले. टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे एकत्र आले, बालीवाला थिएटरात, एकाच खेळात. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तो ‘संयुक्त मानापमान’. एक कोटीच्या फंडाला एका रात्रीने कितीसा हातभार लागणार, पण मराठी रंगभूमी ती रात्र विसरली नाही. तशा रात्री पुढे फार होणे शक्यही नव्हते, कारण तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरात, केशवराव टायफॉइडने गेले.

इथे या रस्त्याचे एक वर्तुळ दिसते. संगीत नाटकाची कल्पना अण्णासाहेब किर्लोस्करांना सुचली ती पुण्यात पारशी कंपनीचे ‘इंद्रसभा’ पाहून, असे सांगतात; त्यातून १८८० चे ‘शाकुंतल’ आले. पारशी कंपन्या वाढल्या ग्रँट रोडवर. म्हणजे या रस्त्याने उधार दिलेली वस्तू तीस वर्षांनी किर्लोस्कर मंडळी मानापमानाच्या रूपाने याच रस्त्यावर परत घेऊन आली, आणि बालीवाला या पारशी नटाने बांधलेल्या थिएटरात ती कळसाला पोचली.

गेले कोण?

मग नाहीसे काय झाले आणि कशाने? बोलपट हे सोपे उत्तर. १९३१ साली गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, ग्रँट रोडवरच्या थिएटरवाल्यांनी हिशोब केला आणि पडदे पांढरे केले. नाटक कंपनीला पन्नास माणसांचा तांडा पोसावा लागे. सिनेमाला एक यंत्र आणि ते चालवणारा. १९३५ पर्यंत खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त होते.

हे खरे, पण अपुरे. मुंबईत इतरत्रही नाटकगृहे सिनेमागृहे झाली आणि तरी तिथली नाटकाची आठवण पुसली गेली नाही. इथे पुसली, कारण इमारतींच्या आधी प्रेक्षक गेला होता. फॉकलंड रोड, फोरास रोड, कामाठीपुरा: विसाव्या शतकात या गल्ल्यांची ओळख वेश्यावस्ती अशीच झाली. दादर-गिरगावातल्या मध्यमवर्गीय मराठी माणसाने हा रस्ता आपल्या बोलण्यातून वगळला. नाटकाला जायचे ते परळच्या दामोदर हॉलला, पुढे साहित्य संघात, १९६५ नंतर शिवाजी मंदिरात. ‘मी काल पिला हाऊसला गेलो होतो’ हे वाक्य चारचौघांत म्हणण्यासारखे राहिले नाही. ज्या भागात आपले आजोबा मानापमान पाहायला गेले, त्याचे नाव घरात उच्चारायची चोरी.

मराठी मात्र इथून गेले नव्हते. तमाशाचे फड इथे होते, गिरणीतला कामगार इथे येत होता, आणि शेजारच्याच गोलपिठ्याचे नाव १९७२ साली नामदेव ढसाळांनी कवितेच्या पुस्तकाला दिले तेव्हा मराठी साहित्याला या वस्तीकडे मान वळवून बघावेच लागले. नाटकाच्या इतिहासाने ‘आमचे तिथले संपले’ म्हणून दिवा मालवला, तेव्हा बाकीचे प्रेक्षक अजून खुर्चीतच होते. स्वस्त तिकिटात जुने सिनेमे, पंख्याखाली तीन तास, बाहेर हाताने रंगवलेली पोस्टरे. प्ले हाऊस चालूच होते.

पाट्या

नामांतरांनी या रस्त्यावर गमतीचे खेळ केले आहेत. फॉकलंड रोडला आता पठ्ठे बापूराव मार्ग म्हणतात. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ब्राह्मणाच्या घरातून तमाशाच्या फडात आलेले, पवळाबरोबर महाराष्ट्र गाजवलेले आणि १९४५ साली हलाखीत गेलेले शाहीर. या गल्लीला त्यांचे नाव देणाऱ्याने इतिहास जाणून दिले की तमाशावाला म्हणून सहज चिकटवले, मला सांगता येणार नाही. पण बसले मात्र अचूक. ग्रँट रोडचा हा पूर्वेकडचा भाग झाला मौलाना शौकतअली मार्ग. १९२१ साली खिलाफत आणि असहकार हातात हात घालून चालले होते. त्यामुळे स्वराज्य फंडाच्या त्या खेळाचा रस्ता खिलाफतीच्या पुढाऱ्याच्या नावाने असणे, हा योगायोगही मला आवडतो.

शंकरशेटांचे नाव गिरगावच्या रस्त्याला आहे आणि मुंबई सेंट्रल स्टेशनला देण्याची मागणी जुनी आहे. जिथे त्यांची नाटकशाळा होती त्या रस्त्यावर ते मला तरी कुठे दिसले नाही. बालीवाला नाही. व्हिक्टोरिया नाही. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो, नटराजाची पूजा होते, सांगलीला भाव्यांच्या नावाचे पदक देतात. त्या दिवशी पिला हाऊसच्या नाक्यावर फूल ठेवायला कोणी येत असेल असे वाटत नाही. आणि आले तरी ठेवणार कुठे, हा प्रश्न आहेच.

दुसऱ्या फेरीला मी मुलांना अल्फ्रेडसमोर उभे केले आणि सरळ सांगितले, की भाव्यांचा रंगमंच इथल्या कोणत्या दगडावर होता ते मी बोट ठेवून दाखवू शकत नाही. इथे आसपास होता, एवढे नक्की. आणि अल्फ्रेडच मूळचे रिपन असेल, तर या भिंतींच्या आत १९११ च्या मार्चमधली ती भामिनी उभी राहिली होती. मुले एकदम गप्प झाली. आतून कुठल्याशा सिनेमातली मारामारी ऐकू येत होती.

चाचांनाही मी जाता जाता सांगितले, पीला नाही, प्ले. खेळाचे घर. त्यांनी हातातली कानस खाली न ठेवता विचारले, "तो रंग कौनसा था?"

पत्रकाच्या तीसएक प्रती शिल्लक होत्या. नवे छापायला पैसे नव्हते. त्या मुलीनेच बाकावर बसून प्रत्येक प्रतीवर निळ्या पेनाने ‘वास्तूत’ खोडले आणि वर ‘रस्त्यावर’ असे लिहिले.